विकिपीडियावर वाद घालायची जागा बदलायची का? वीस वर्षं चाललेलं हे भांडण नेमकं काय आहे?

फेब्रुवारी २०२५. ‘छावा’ सिनेमा थिएटरांत गर्दी खेचत होता आणि त्याच दिवसांत इंग्रजी विकिपीडियावरच्या एका लेखाचे स्क्रीनशॉट सोशल मीडियावर फिरायला लागले. छत्रपती संभाजी महाराजांबद्दलचा त्यातला मजकूर आक्षेपार्ह आहे, तो काढून टाका, अशी मागणी सुरू झाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सायबर पोलिसांना विकिपीडियाशी संपर्क साधायला सांगितलं. पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला.

या सगळ्या गदारोळात एक साधी गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात आली. विकिपीडियावरच्या प्रत्येक लेखाला एक जोडपान असतं. त्याचं नाव ‘चर्चा’. लेखात काही चुकलंय असं वाटलं, तर तिथे जाऊन सांगायचं, पुरावा द्यायचा, वाद घालायचा, अशी ती व्यवस्था आहे. ‘शिवाजी’ या इंग्रजी लेखाच्या चर्चा पानावर तर शीर्षकात ‘छत्रपती’ आणि ‘महाराज’ का नाही, हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेलाय, की त्याचं उत्तर वरच लिहून ठेवावं लागलं.

मग लोक तिथे न जाता स्क्रीनशॉट का फिरवतात? राग हे एक कारण आहेच. पण दुसरंही एक कारण आहे. इन्स्टाग्राम किंवा फेसबुक वापरणारा माणूस त्या पानावर पोहोचलाच, तरी पुढे काय करायचं हे त्याला अनेक वर्षं कळतच नव्हतं. हे पान बदलावं का, बदललं तर कसं, यावरून विकिपीडियाच्या आत वीस वर्षं भांडण सुरू आहे. त्यात पैसा गेला, विश्वास गेला, आणि एक अख्खं सॉफ्टवेअर बनवून मोडीत काढावं लागलं.

चर्चा पान इतकं अवघड का होतं?

विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. तेव्हा आज आपण ज्याला कमेंट बॉक्स म्हणतो, तसं काही त्यात नव्हतं. चर्चेसाठी वेगळं सॉफ्टवेअर बनवण्याऐवजी एक सोपी युक्ती वापरली गेली. लेख जसं पान, तशी चर्चाही एक पान. लेख जसा कुणीही संपादित करू शकतो, तसं चर्चेचं पानही कुणीही संपादित करू शकतो.

म्हणजे प्रत्यक्षात काय व्हायचं? समजा, तुम्हाला कुणाला तरी उत्तर द्यायचंय. तुम्ही ‘संपादन’ दाबणार. समोर सगळ्यांनी लिहिलेला मजकूर एका मोठ्या चौकटीत उघडणार. त्यात तुम्हाला ज्याला उत्तर द्यायचंय त्याचं वाक्य शोधायचं. त्याच्या खाली नवी ओळ सुरू करायची. आपलं उत्तर थोडं आत सरकून दिसावं म्हणून ओळीच्या सुरुवातीला विसर्गासारखं दिसणारं अपूर्णविरामाचं चिन्ह टाकायचं. समोरच्याने दोन टाकली असतील, तर आपण तीन. शेवटी सही म्हणून चार टिल्ड टाइप करायचे, म्हणजे ~~~~ असे. सेव्ह केल्यावर त्या चार वळवळीत रेघांच्या जागी तुमचं नाव आणि वेळ उमटते.

सही विसरलात तर तुम्ही कोण हेच कुणाला कळत नाही. तुम्ही लिहीत असताना दुसऱ्या कुणी सेव्ह केलं तर ‘एडिट कॉन्फ्लिक्ट’ होतो, आणि कुणाचं काय ठेवायचं हे तुम्हीच निस्तरायचं. चुकून वरच्या माणसाचं वाक्य खोडलं गेलं, तर तो वाद वेगळाच.

मराठीत टाइप करणाऱ्याची अडचण आणखी एका पायरीने वाढते. मोबाइलवरच्या बहुतेक कीबोर्डांत टिल्ड शोधायला चिन्हांच्या दुसऱ्या पानावर जावं लागतं. नव्या माणसाने पहिल्यांदाच एखादी चूक दाखवायला यावं आणि त्याला सहीसाठी चिन्हांची शोधाशोध करावी लागावी, हे दृश्य विनोदी आहे. पण त्यातून कित्येकजण काही न लिहिताच परत गेले असतील.

‘त्यांना ऐकूच येत नाहीये’

याहून गंभीर प्रकार मोबाइलवर घडत होता.

विकिपीडियावर एखाद्याच्या संपादनात चूक दिसली, तर जुने संपादक त्याच्या सदस्य चर्चा पानावर सूचना लिहितात. ‘अमुक बदल का केला? संदर्भ द्या.’ उत्तर आलं नाही तर दुसरी सूचना. मग इशारा. मग ‘हा सदस्य संवादच साधत नाही’ म्हणून ब्लॉक.

पण त्या सदस्याला सूचना दिसल्याच नसतील तर? काही वर्षांपूर्वी इंग्रजी विकिपीडियावरच्या स्वयंसेवकांनी या त्रुटींची एक यादीच मांडली. लॉग-इन न करता मोबाइलवरून संपादन करणाऱ्यांना चर्चेकडे जायची वाट नीट दिसत नव्हती. आयफोनच्या अ‍ॅपवरून संपादन करणाऱ्यांना, आपल्या नावाने कुणी काही लिहिलंय याची सूचनाच मिळत नव्हती. त्या पानाचं बोलीभाषेतलं नाव होतं ‘त्यांना तुमचं ऐकू येत नाही’. त्यातल्या बऱ्याच गोष्टी नंतर दुरुस्त झाल्या. पण तोवर कितीतरी माणसं कुठलाही आवाज न ऐकता दाराबाहेर गेली होती. आपल्याला का हाकललं, हे त्यांना आजही ठाऊक नसेल.

भारतात बहुतेक लोक इंटरनेट मोबाइलवरच वापरतात. त्यामुळे ‘चर्चा पान कसं असावं’ हा इथल्या वाचकासाठी केवळ डिझाइनचा प्रश्न राहत नाही. आपल्या इतिहासावर, आपल्या गावावर, आपल्या भाषेवर जगात काय लिहिलं जातंय यात बोलायची संधी कुणाला मिळते, हे त्यावर ठरतं.

मग जुन्या संपादकांना ते पान का आवडायचं?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. कारण जे पान नव्या माणसाला भिंत वाटतं, तेच जुन्या संपादकाला कोरी पाटी वाटतं.

कोऱ्या पाटीवर काहीही करता येतं. लेखातला वादग्रस्त परिच्छेद तसाच उचलून चर्चेत आणता येतो आणि दहा जण मिळून तो तिथेच दुरुस्त करू शकतात. मतदानासारखी यादी करता येते. वाद संपला की त्याभोवती रंगीत चौकट घालून वर निष्कर्ष लिहिता येतो. शिवीगाळ झाली तर तेवढी खोडता येते. लेख वगळायचा का, कुणाला प्रचालक करायचं, कुणाला हाकलायचं, हे सगळे निर्णय याच साध्या पानांवर होतात. त्यांच्या पद्धती संपादकांनी स्वतःच घडवल्या. त्यासाठी कुठल्याही इंजिनिअरची परवानगी घ्यावी लागली नाही.

दुसरी गोष्ट इतिहासाची. प्रत्येक पानाचा प्रत्येक बदल जपून ठेवला जातो. कुणी काय लिहिलं, कधी बदललं, काय खोडलं, हे दोन आवृत्त्या शेजारी ठेवून दाखवता येतं. विकिपीडियावरच्या भांडणांत हाच पुरावा असतो. ‘तू असं म्हणाला होतास’ असं नुसतं म्हणून चालत नाही, त्या बदलाची लिंक द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे’ एवढंच दिसतं. विकिपीडियावर डिलीट काय केलं तेही दिसतं.

तेव्हा जुने संपादक बदलाला विरोध करतात ते फक्त सवयीपोटी, असं म्हणणं सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही. अर्थात सवयीचाही भाग होताच. ज्याला चार टिल्ड टाकता येतात तो ‘आपल्यातला’, ही भावना कुठल्याही जुन्या क्लबात असते तशी इथेही आहे.

दोन प्रयत्न, दोन्ही फसले

चर्चा पान बदलण्याचा पहिला गंभीर प्रयत्न ‘लिक्विडथ्रेड्स’ नावाचा. २००६ च्या गूगल समर ऑफ कोड उपक्रमातून त्याचं काम सुरू झालं. प्रत्येक विषयाचा वेगळा धागा, प्रत्येक प्रतिक्रियेखाली उत्तर द्यायची सोय, अशी कल्पना होती. काही छोट्या विकींवर ते वापरलंही गेलं. पण मोठ्या विकिपीडियांवर ते कधी रुजलं नाही.

दुसरा प्रयत्न मोठा होता. त्यामागे एक भीती होती. इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये सुमारे ५१ हजार सक्रिय संपादक होते. २०१३ पर्यंत ते सुमारे ३१ हजारांवर आले. विकिपीडिया चालवणाऱ्या, सॅन फ्रान्सिस्कोमधल्या विकिमीडिया फाउंडेशनला वाटलं, की नव्या पिढीला हे सगळं फार किचकट वाटतंय. मग २०१३ मध्ये ‘फ्लो’ या नव्या चर्चा-व्यवस्थेचं काम सुरू झालं.

फ्लो दिसायला फेसबुकसारखं होतं. विषय, त्याखाली प्रतिक्रिया, त्याखाली उत्तरं. टिल्डची कटकट नाही, सही आपोआप. खाली स्क्रोल करत गेलं की जुन्या चर्चा येत राहतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर त्याची चाचणी झाली. त्यासाठी निवडलेले दोन गट पाहा. एक न्याहारीच्या पदार्थांवर लेख लिहिणारा, दुसरा इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यावर लिहिणारा. म्हणजे जिथे फार भांडणं होणार नाहीत अशी जागा शोधली असावी. भांडणं झाली ती फ्लोवरूनच.

विरोध नेमका कशाला होता?

फ्लोमध्ये पान हे पान राहत नव्हतं. प्रत्येक प्रतिक्रिया डेटाबेसमध्ये वेगळा तुकडा म्हणून साठवली जायची. त्यामुळे पूर्ण चर्चा एकदम उघडून तिची फेररचना करता येत नव्हती. प्रत्येक विषयाचा पत्ता म्हणजे अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची माळ. एका स्क्रीनवर जिथे आधी वीस प्रतिक्रिया दिसायच्या, तिथे मोठ्या मोकळ्या जागांमुळे मोजक्याच दिसायला लागल्या. जुनं शोधणं अवघड. आणि संपादकांनी वर्षानुवर्षं घडवलेल्या चौकटी, याद्या, निष्कर्षाच्या पट्ट्या? त्यातल्या बऱ्याच तिथे चालत नव्हत्या.

थोडक्यात, आतापर्यंत संपादक स्वतः जे करायचे, त्यासाठी आता फाउंडेशनकडे ‘हे बटण द्या’ म्हणून मागणी करावी लागणार होती. सत्ता सरकत होती. कुणाच्याच मनात कट नसला तरी सॉफ्टवेअरची रचनाच तशी होती.

त्यात वेळही वाईट. जुलै २०१३ मध्ये फाउंडेशनने ‘व्हिज्युअल एडिटर’ हे नवं संपादन-साधन अपुऱ्या तयारीनिशी सगळ्यांसाठी सुरू केलं होतं. त्यात इतक्या चुका निघाल्या, की सप्टेंबरमध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी ते पुन्हा ऐच्छिक करून टाकलं. ऑगस्ट २०१४ मध्ये जर्मन विकिपीडियावर तर कहर झाला. फोटो दाखवायच्या नव्या पद्धतीला संपादकांनी विरोध केला, एका प्रचालकाने ती बंद केली, तेव्हा फाउंडेशनने ‘सुपरप्रोटेक्ट’ नावाचं कुलूपच आणलं. निवडून आलेल्या प्रचालकांनाही ते उघडता येत नव्हतं. वर्षभराने, नोव्हेंबर २०१५ मध्ये ते काढावं लागलं. पण त्या दिवसांत ‘फाउंडेशन नवीन काहीतरी आणतंय’ हे वाक्य ऐकलं की स्वयंसेवकांच्या अंगावर काटा यायचा. फ्लो कितीही चांगलं असतं तरी या हवेत ते टिकणं कठीणच होतं.

सप्टेंबर २०१५ मध्ये फ्लोचं मोठं काम थांबवत असल्याचं जाहीर झालं. २०१६ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरून ते काढण्यात आलं. फ्रेंच, चिनी, कॅटलन अशा काही विकिपीडियांवर मात्र ते राहिलं, आणि तिथल्या काही लोकांना ते आवडायचंही. हा भाग इंग्रजीतल्या वादाच्या आवाजात अनेकदा हरवतो. ज्यांना फ्लो हवं होतं ते कमी बोलत होते, एवढाच त्याचा अर्थ.

२०१९ मध्ये उलट सुरुवात

फेब्रुवारी २०१९ मध्ये फाउंडेशनने वेगळा मार्ग धरला. आधी सॉफ्टवेअर, मग समजूत, असं न करता आधी विचारायला सुरुवात केली. वेगवेगळ्या भाषांतल्या संपादकांना त्यांच्या भाषेत प्रश्न विचारले गेले. चर्चा पानावर तुम्ही काय करता? नव्या माणसांना काय अडतं? काय गेलं तर तुम्ही सोडून जाल?

ऑगस्टमध्ये अहवाल आला. त्याचं सार असं, की पानं तशीच ठेवा. त्यांच्यावर सोय चढवा.

आता हे ऐकायला अगदी तडजोडीसारखं वाटतं. पण तांत्रिकदृष्ट्या ते फ्लोपेक्षा जास्त चिवट काम होतं. कारण आता एका साध्या मजकुराच्या पानाकडे पाहून संगणकाला ओळखायचं होतं, की इथे एक प्रतिक्रिया संपली आणि दुसरी सुरू झाली. ते ओळखायचं कशावरून? सहीतल्या वेळेवरून! ज्या सहीच्या नावाने सगळे बोटं मोडत होते, तीच नव्या साधनाची खूण ठरली. जिथे सही आणि वेळ दिसते तिथे प्रतिक्रिया संपते, असं धरून शेजारी उत्तर देण्याचं बटण दाखवायचं. बटण दाबलं की छोटी चौकट उघडते. तुम्ही लिहायचं आणि पाठवायचं. किती आत सरकवायचं, सही कुठे टाकायची, हे साधन बघतं. आत मात्र तोच जुना मजकूर राहतो. ज्याला हाताने संपादन करायचंय तो तेही करू शकतो.

प्रत्येक भाषेत तारीख वेगळी लिहिली जाते, हा आणखी एक घोळ. मराठी विकिपीडियावर तर सहीतले आकडेही देवनागरीत असतात. संगणकाला ‘२०२०’ ही वेळ आहे हे वाचता यावं लागतं, नाहीतर मराठीत बटण उमटणारच नाही. ही सोय करावी लागली, आणि ती झाली.

मार्च २०२० मध्ये अरबी, डच, फ्रेंच आणि हंगेरियन विकिपीडियांवर ते चाचणीसाठी आलं. सुरुवात इंग्रजीपासून झाली नाही, हे लक्षात घेण्यासारखं. पुढे अनेक भाषांत तुलना करून पाहिली गेली. काही नवख्या संपादकांना बटण दिलं, काहींना नाही. बटण मिळालेल्या नवख्यांपैकी सुरू केलेली प्रतिक्रिया प्रत्यक्षात पोस्ट करणाऱ्यांची शक्यता अडीच पटींहून जास्त निघाली. २०२२ मध्ये ते इंग्रजी विकिपीडियावरही सगळ्यांसाठी सुरू झालं. त्याआधीच्या दशकात जशी युद्धं झाली तसं या वेळी काही झालं नाही.

फ्लोचं काय झालं? जिथे ते उरलं होतं, तिथूनही काढण्याचं काम फाउंडेशनने अलीकडे हाती घेतलंय. त्यावरच्या जुन्या चर्चांचं साध्या विकी-पानांत रूपांतर करायचं, अशी योजना आहे. म्हणजे ज्या जुन्या पानांची जागा घ्यायला फ्लो आलं, शेवटी त्याच पानांत ते मावळतंय.

तयार सॉफ्टवेअर का घेत नाहीत?

सोशल मीडिया वापरणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडेल. जगात चर्चेची इतकी चांगली साधनं असताना विकिपीडियाने चाक पुन्हा का घडवावं?

काहींनी तयार साधनं घेतली आहेत. पायथॉन या संगणक-भाषेचे विकसक वर्षानुवर्षं ईमेलवर चर्चा करायचे, ते ‘डिस्कोर्स’ या सॉफ्टवेअरवर गेले. विकिमीडिया फाउंडेशननेही २०२२ मध्ये आपल्या धोरण-चर्चेसाठी डिस्कोर्सवर एक जागा उघडली. तिथे मशीन भाषांतर होतं. कुणी आपल्या भाषेत लिहावं आणि दुसऱ्याने ते आपल्या भाषेत वाचावं, ही सोय खरोखर मोठी होती. पण लेखांवरच्या वादासाठी हे चालत नाही. लेख एकीकडे, त्यावरचा वाद दुसरीकडे, आणि त्या वादाचा इतिहास तिसऱ्याच्या सर्व्हरवर, असं झालं की दोन वर्षांनी ‘हे वाक्य लेखात असं का आहे’ याचं उत्तर सापडत नाही.

जागा बदलताना काय बिघडू शकतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे डिग. बातम्यांच्या लिंक शेअर करायची ही साइट एकेकाळी प्रचंड लोकप्रिय होती. ऑगस्ट २०१० मध्ये तिने नवी आवृत्ती आणली, वापरकर्त्यांच्या हातातलं बरंच काही काढून घेतलं आणि प्रकाशकांना जास्त वाव दिला. चिडलेल्या लोकांनी डिगच्याच पहिल्या पानावर प्रतिस्पर्धी रेडिटच्या लिंक भरून टाकल्या आणि मग ते रेडिटवर निघून गेले. दोन वर्षांनी डिग कवडीमोल किमतीत विकलं गेलं. रेडिटने बहुधा हे पाहिलं होतं. २०१८ मध्ये नवं रूप आणताना त्यांनी जुनं रूप वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवलं. पुढे २०२३ मध्ये बाहेरच्या अ‍ॅप्सकडून पैसे घ्यायचं ठरवल्यावर रेडिटवरही हजारो गट निषेध म्हणून बंद राहिले, ती गोष्ट वेगळी.

आणि ऑर्कुट? ज्यांनी कॉलेजच्या दिवसांत मराठी कम्युनिट्यांवर रात्र-रात्र वाद घातले, त्यांना ३० सप्टेंबर २०१४ ही तारीख आठवत असेल. त्या दिवशी गूगलने ऑर्कुट बंद केलं. कम्युनिट्यांतल्या जुन्या चर्चा काही काळ फक्त वाचण्यासाठी ठेवल्या, मग त्याही काढून टाकल्या. ती जागा चालू ठेवायची की नाही, हे तिथे लिहिणाऱ्यांच्या हातात नव्हतंच.

मराठी विकिपीडियाचं काय?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेचं नाव ‘चावडी’ आहे. इंग्रजीत तिला गावातल्या पाण्याच्या पंपाचं नाव दिलंय. मराठीतलं नाव जास्त नेमकं म्हणावं लागेल, कारण पंपावर गप्पा होतात, चावडीवर निवाडा होतो.

पण चावडीवर गर्दी नाही. मराठीसारख्या भाषेत नियमित लिहिणारे संपादक मोजके असतात. इंग्रजीत चर्चा-सॉफ्टवेअरवरून शेकडो लोक मतं मांडतात, तेव्हा मराठीत जे येतं ते बहुतांशी तयार होऊन येतं. उत्तर द्यायचं बटणही तसंच आलं. ते उपयोगी आहे म्हणून कुणाची तक्रार नाही. ते उपयोगी नसतं, तर तक्रार करायला पुरेसे लोक असते का, हा खरा प्रश्न आहे. छोट्या भाषांना फ्लोसारखी चूक परवडत नाही. इंग्रजीने दहा चांगले संपादक गमावले तर दुसऱ्या दिवशी ते लक्षातही येणार नाही. मराठीत दहा गेले तर चावडी ओस पडेल.

दुसरा धोका आणखी जवळचा आहे. जगभरातले संपादक झटपट बोलण्यासाठी टेलिग्राम, डिस्कॉर्ड, व्हॉट्सअ‍ॅप वापरतात, आणि भारतीय भाषांमध्ये हे सर्रास होतं. तिथे बोलणं सोपं, मैत्री होते, कार्यशाळा ठरतात. पण ‘हा लेख ठेवायचा की नाही’ हे ग्रुपवर ठरलं आणि विकीवर फक्त निकाल आला, तर बाहेरच्या माणसाने काय वाचायचं? चर्चा पान अवघड ठेवलं की चर्चा थांबत नाही, ती बंद खोलीत जाते. जुन्या पद्धतीच्या आग्रही लोकांनी या मुद्द्याला पुरेसं वजन दिलं नाही. उघड इतिहास जपायचा म्हणून जी पानं त्यांनी वाचवली, त्यांच्या किचकटपणामुळेच कित्येक बोलणी इतिहासाबाहेर गेली.

सगळं सुटलंय असंही नाही. मोठ्या तक्त्यांत किंवा विचित्र पद्धतीने सही केलेल्या प्रतिक्रियांपाशी ते बटण अडखळतं. आणि चर्चा पान नावाची गोष्ट असते, हेच अनेक वाचकांना अजून माहीत नाही. त्यावर कुठलंही बटण उपाय नाही.

तुम्हाला आक्षेप नोंदवायचा असेल तर?

लेख उघडा, वर ‘चर्चा’ दिसेल त्यावर जा, नवा विषय सुरू करा. कुठलं वाक्य, त्यात काय चूक, आणि बरोबर काय हे सांगणारं पुस्तक किंवा बातमी कोणती, एवढं लिहा. ‘भावना दुखावल्या’ एवढ्यावर लेख बदलत नाही, संदर्भावर बदलतो. समोरचा संदर्भ मागेल, तुम्ही त्याच्या संदर्भावर प्रश्न विचारू शकता. आता सहीसाठी टिल्ड शोधावे लागणार नाहीत.

एक गोष्ट मात्र आधी माहीत असावी. तिथे लिहिलेलं प्रत्येक वाक्य तुमच्या सदस्य-नावासह आणि वेळेसह कायमचं राहतं. संपादकांवर गुन्हे नोंदवले जाण्याच्या काळात ही उघड नोंद काहींना आश्वासक वाटते, काहींना धोकादायक. पूर्वी लॉग-इन न करता लिहिणाऱ्याचा आयपी पत्ताच सगळ्या जगाला दिसायचा. आता विकिपीडिया टप्प्याटप्प्याने त्या जागी तात्पुरतं खातं देऊ लागला आहे. त्यामुळे वाचणाऱ्याला तुमचा पत्ता दिसत नाही, पण ठरावीक अधिकार असलेल्या संपादकांना तो काही काळ पाहता येतो. कुणाला आणि किती दिवस, यावर चर्चा पानांवरच वाद झाले.